आप्पांना जास्तीचं बीपी हवं होतं

“लई वाढलंय का, सिस्टर?” आप्पांनी विचारलं. मी त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडत होते.

“थोडंच. एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव.”

हे ऐकून माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. आप्पांचा चेहरा पडला.

माकणीजवळच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात मी नर्स आहे. आप्पा एसटीत कंडक्टर होते. बायको वारल्यापासून घरात एकटेच. वरचा आकडा एकशे चाळीस किंवा खालचा नव्वदच्या पुढं राहिला, तर आम्ही बीपी वाढलं म्हणतो. पण एकदा मोजून ठरवत नाही. मी त्यांना पुन्हा दोनदा बोलावलं. आकडा जवळपास तोच.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “बाकी तपासण्या नॉर्मल आहेत ना? मग तीन महिने मीठ कमी आणि रोज चालणं. नाही उतरलं तर गोळी.”

आप्पांना हे सांगितलं, तरी ते खुर्चीवरून उठेनात.

“पुण्याला पोराला फोन करून जरा वाढवून सांगता का? दोनशे म्हणा.”

“कशाला?”

“एवढ्यानं त्यो यायचा न्हाय.”

खोटं मी सांगणार नव्हते. पण आप्पा डोक्यातून जाईनात. दुपारी फिरतीवर निघाले, तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. गॅसवर धूळ बसली होती. शेजारीण भाकरी द्यायची. भाकरीबरोबर लोणचं, पापड, खारातल्या मिरच्या. दोन्ही वेळा तेच, सगळं मिठाचं.

“साधं वरण तरी लावा, आप्पा.”

“लावीन की. पण एकट्यापुरतं काय शिजवायचं?”

माझा नवरा नोकरीला नागपूरला. क्वार्टरवर मीही कितीदा चहात पाव बुडवून झोपते.

त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला. आकडा होता तोच सांगितला.

“सिरियस नाही ना, मॅडम? मग दिवाळीला येतोच आहे.”

“सिरियस नाही. पण तुमचे वडील दोन्ही वेळा लोणच्याशी भाकरी खातात.”

तो म्हणाला, “त्यांना फोन द्या जरा.”

त्या संध्याकाळपासून तो व्हिडिओ कॉल करायला लागला. तोही तिकडं खोलीवर एकटाच. दोघं आपापल्या गॅसवर डाळ शिजवायचे आणि फोन समोर ठेवून जेवायचे. कंपनीत सेकंड शिफ्ट लागली की फोन यायचा नाही. त्या दिवशी आप्पा पुन्हा लोणच्यावर.

दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही. ठरलेल्या तीन महिन्यांनी आप्पांचं बीपी एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी भरलं.

“गोळी नको, आप्पा. उतरलं.”

“म्हंजे आता हितं यायचंबी कारण न्हाय,” ते म्हणाले.

“महिन्याला मोजायला यावंच लागतं.”

“व्हय का? मग येतो.”

आता मी कुणालाही ‘मीठ कमी करा’ म्हणण्याआधी विचारते, जेवायला सोबत कोण असतं? ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नव्हता.