हत्तीछाप डब्यांवरचं वाक्य

रेल्वे फाटक बंद झालं म्हणून मी स्कूटर थांबवली. मागे बायको आणि तिच्या मांडीवर नव्या घरासाठी नुकतीच रंगवून आणलेली नावाची पाटी. समोरून सिमेंटची मालगाडी रमतगमत चालली होती. प्रत्येक डब्यावर कंपनीचा हत्ती आणि त्याच्याखाली जाहिरातीचा एकच मोठा शब्द. चार डबे मिळून वाक्य व्हायचं, ‘घर तुमचं, काम आमचं’. मग पुन्हा तेच. शेवटचे चार डबे मात्र यार्डात कुणीतरी उलटसुलट जोडले असावेत. हत्ती तोच, शब्दही तेच, पण वाचलं ते असं: ‘घर आमचं, काम तुमचं’.

बायको एकदम हसली.

“काय झालं?”

“काही नाही. बरोबर लिहिलंय.”

मी बुचकळ्यात पडलो. आमचं म्हणजे नक्की कुणाचं? नुसते दोन डबे हलले, तर घर इकडचं तिकडे होतं, आणि हत्तीला त्याचं काहीच वाटत नाही.

“अहो, ‘आपलं’ लिहिलेला डबा नव्हताच का?”

“मागे राहिला असेल,” असं म्हणता म्हणता मी आरशात पाहिलं. तिनं मांडीवरची पाटी पालथी घातली होती. पाटीवर एकच नाव होतं, माझं.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सरळ घरी जायचं की पाटीवाल्याकडे परत वळायचं, हे मला काही केल्या ठरवता येईना.