निवांत बसलेला माणूस

माझी आत्या रागीट आहे असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. तिला राग यायला तेहतीस वर्षं लागली. तो आला तेव्हा मी तिथेच होते, म्हणून सांगते.

आमचं गाव म्हणजे डोंगराच्या कुशीतली तीसेक घरं आणि समोर अर्धगोल किनारा. तेव्हा रस्ता नव्हता. शहरात जायचं तर होडीने तीन तास, नाहीतर डोंगरावरून सहा तास पायी. आत्याचं नुकतं लग्न झालं होतं, वय बावीस. आतोबा मासेमारी करायचे. एके दिवशी मालाच्या होडीतून एक उंच परदेशी माणूस उतरला. डोक्यावर गवती टोपी, म्हणून तो टोपीवाला. त्याला आठवडाभरासाठी खोली हवी होती. आतोबांनी वरची खोली दिली आणि तो आठवडा काही संपला नाही.

आपली भाषा तो आत्याकडूनच शिकला. त्यामुळे पहिली दोन वर्षं तो "मी येते", "मी जेवले" असंच बोलायचा. किनाऱ्यावर पुरुष खो-खो हसायचे आणि त्याला कळायचं नाही. शेवटी आतोबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने ते इतकं मनावर घेतलं, की पुढचा महिनाभर तो आत्यालाही "तू आलास का" म्हणत होता. वाईट माणूस नव्हता. हे आत्या आजही सांगते, आणि सांगताना तिचा राग आणखी वाढतो.

दुसऱ्या वर्षी होडी वर ओढताना लाट आली, होडी घसरली आणि आतोबांच्या पायावर आली. गुडघ्याखाली हाड मोडलं. समुद्र खवळलेला, होडी पाण्यात घालायची सोय नाही. डोंगरावरून नेऊ म्हणून चौघांनी त्यांना बिजागरीतून काढलेल्या एका दारावर बांधलं. पण पहिल्या चढावरच त्यांची शुद्ध हरपली, तसे सगळे परत फिरले. शेजाऱ्याने फळ्या लावून पाय बांधला. चौदा दिवसांनी समुद्र निवळला. शहरातला डॉक्टर म्हणाला, हाड वाकडं जुळलंय, पुन्हा मोडून बसवावं लागेल. आतोबा नको म्हणाले. त्या चौदा दिवसांनंतर मीही नकोच म्हणाले असते.

ते पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. दारात बसून लोकांची जाळी दुरुस्त करू लागले आणि आत्याने कपडे धुवायला घेतले.

आधी टोपीवाल्याचे. मग त्याच्या मित्रांचे. कारण टोपीवाला त्याच्या देशातल्या वर्तमानपत्रात आमच्या गावाबद्दल लिहायचा. इथे वेळ थांबलेला आहे, इथली माणसं समाधानी आहेत, असलं काहीतरी. ते वाचून लोक यायचे. दरवर्षी थोडे जास्त. गावाने खोल्या बांधल्या, आणि सगळ्या खोल्यांच्या चादरी आत्याकडे येऊ लागल्या. टेकडीवर पंधरा-सोळा परदेशी कायमचे राहिले. टोपीवाल्याने सगळ्यात वर घर बांधलं.

वाळूच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. तिथे सपाट खडक आहेत आणि पाणी गोडं आहे. साबणाला फेस येतो, चादर दोन पाण्यात निघते. विहिरीचं पाणी खारट. त्यात चादर धुतली तर पत्र्यासारखी ताठ होते, आणि कितीही नीळ घाला, पिवळट ती पिवळटच. अख्ख्या गावात धुणं निघण्याजोगं पाणी त्या एकाच ठिकाणी. चाळीस-बेचाळीस चादरी एका सकाळी, तेही एकटीने. आत्याचे हात मी लहानपणी पाहिले की मला ते म्हाताऱ्या बाईचे वाटायचे. तेव्हा ती पस्तिशीची होती.

पाच वर्षांपूर्वी कंपनी आली. डोंगर फोडून रस्ता झाला आणि किनाऱ्याला शंभर खोल्यांचं हॉटेल उभं राहिलं. मला तिथे रिसेप्शनवर नोकरी लागली. घरात सगळ्यांना आनंद झाला, आत्यालाही. मग कुंपण आलं, आणि झरा कुंपणाच्या आत गेला. 'खाजगी जागा' अशी पाटी लागली. पाटीच्या मागे आत्याचे खडक दिसत होते. त्यांवर आता आरामखुर्च्या होत्या.

आत्या विहिरीवर धुऊ लागली. खोलीवाले कुरकुरू लागले. एक-एक करून निम्म्या चादरी शहरातल्या मशीनकडे जाऊ लागल्या, त्याच नव्या रस्त्याने. आत्या मॅनेजरला भेटायला तीनदा आली. तिन्ही वेळा मीच तिला सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू छान बोलतेस गं." आणि गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी कंपनीला मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधायचा होता. लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारी अधिकारी शाळेच्या हॉलमध्ये येणार असं जाहीर झालं. टोपीवाला लगेच आत्याच्या घरी आला.

"ताई, तू बोल," तो म्हणाला. "आम्ही कितीही ओरडलो तरी आम्ही बाहेरचे. तुझं ऐकतील. गाव कसं होतं ते सांग."

त्याच दुपारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या आत्याला दोन शब्द बोलायला सांगा. रस्त्याने काय सोय झाली ते. जुन्या माणसांच्या बोलण्याला वजन असतं."

संध्याकाळी मी त्याचाही निरोप आत्याला सांगितला. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "बरं. बोलते."

टोपीवाल्याच्या मंडळींनी हॉलच्या भिंतींवर जुने फोटो लावले होते. वर कापडी फलक, 'हरवलेला किनारा'. लोक फिरून बघत होते, स्वतःचे आईबाप ओळखून हसत होते. आम्हीही हसत होतो. मग आत्या एका फोटोसमोर थांबली, ती थांबलीच.

आत्याच्या घराचं दार. तरुण आतोबा भिंतीला पाठ टेकून बसलेले, पाय लांब पसरून त्यावर चादर, डोळे अर्धवट मिटलेले. खाली दोन भाषांत लिहिलं होतं: 'निवांत बसलेला माणूस. तेव्हा इथे कुणालाच घाई नव्हती.'

नीट पाहिलं तर चादरीखालून फळीचं टोक दिसत होतं.

आत्याने फोटो भिंतीवरून काढला. काचेसकट, खिळ्यासकट. कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं. अधिकारी तोवर येऊन बसले होते. तिचं नाव यादीत सातवं होतं. ती सरळ पुढे गेली आणि माईकपाशी उभी राहिली.

"हा माणूस बसलेला नाही," ती म्हणाली. "ह्याला उठता येत नव्हतं. पाय मोडून नववा दिवस होता. घरात वास सहन होईना, म्हणून आम्ही ह्याला उचलून दारात ठेवला होता."

टोपीवाला उभा राहिला. "ताई, माझ्या लक्षात नाही आलं की हा त्याच वेळचा..."

"तू काढलास ना फोटो?"

तेहतीस वर्षं आत्या त्याला अहो-जाहो करत आली होती. त्या दिवशी ती अरे-तुरेवर आली.

"तू वरच्या खोलीत होतास. हा कण्हायचा ते तुला ऐकू यायचं. गोळ्या तूच दिल्यास, मी नाही म्हणत नाही. पण सकाळी हा दमून डोळे मिटायचा, तेव्हा तुला हा निवांत दिसला. गाव शांत होतं म्हणता सगळे. ओरडून करणार काय होतो आम्ही? ऐकायला होतं कोण? तुमचा पाय मोडला असता तर तुमच्या देशाने विमान पाठवलं असतं. आणि आता म्हणता, ते दिवस हरवले. माझ्या नवऱ्याचा पाय हरवला. तो फोटो का नाही लावलात?"

पहिल्या रांगेत मॅनेजरने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याच्या दोन माणसांनी साथ दिली.

आत्या त्याच्याकडे वळली. "तुम्ही टाळ्या वाजवू नका. रस्ता सत्तावीस वर्षं उशिरा आला, आणि आला तोही आमच्यासाठी नाही, तुमच्या पाहुण्यांसाठी. त्यावरून दवाखान्यात जाता येतं, ठीक आहे. पण माझं पाणी कुठे आहे? माझ्या खडकांवर तुम्ही खुर्च्या मांडल्यात. मी तीनदा आले. माझ्या भाचीच्या तोंडून मला परत पाठवलंत."

मी मान खाली घातली.

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. "बाई, आजचा विषय धक्क्याचा आहे. झरा या विषयात येत नाही."

"मग तो कुठल्या विषयात येतो? ती तारीख सांगा, मी येते."

ती तारीख कुणाला माहीत नव्हती. आत्या फोटो काखेत मारून घरी आली.

पुढच्या महिन्यात हॉटेलची नवी पत्रकं छापून आली. आत एका पानावर मोठ्या अक्षरांत होतं: 'रस्त्यावरून दवाखान्यात जाता येतं, एका स्थानिक महिलेचे उद्गार.' गठ्ठा माझ्याच टेबलावर आला. मी एक पत्रक आत्याकडे नेलं. न्यायला नको होतं असं कुणी म्हणेल, पण मी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आणखी पाच बायकांना घेतलं आणि हॉटेलच्या जेवणघरासमोरच्या लोखंडी कठड्यावर ओल्या चादरी घातल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कठडा सार्वजनिक रस्त्यावर येतो, कंपनीला काही करता येईना. काचेतून समुद्र दिसायचा, तिथे आता पिवळट चादरी दिसू लागल्या. मॅनेजरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुणे उलट खूश झाले, कॅमेरे घेऊन बाहेर आले. एक बाई आत्याला म्हणाली, जरा चादरीमागून डोकावून हसाल का. आत्याने हातातली चादर अशी झटकली, की ती बाई नखशिखांत भिजली. तक्रार आली, ती मीच नोंदवून घेतली.

सहाव्या दिवशी कंपनीने कुंपणाला एक छोटं फाटक केलं. सकाळी सात ते नऊ, फक्त गावातल्या बायकांसाठी. "उपकार केले," आत्या म्हणाली, आणि दोन तासांत दुप्पट वेगाने धुऊ लागली.

टोपीवाला त्यानंतर एकदाच आला. डोक्यावर टोपी नव्हती. टेकडीवरचं घर विकलं, म्हणाला. इथे आता राहवत नाही.

"कुणाला विकलंत?" आत्याने विचारलं. ती पुन्हा अहो-जाहोवर आली होती, आणि ते ऐकायला जास्त वाईट वाटत होतं.

त्याची नजर हॉटेलच्या दिशेला गेली. म्हणजे कंपनीला.

मग तो आतोबांना सांगू लागला, लांब एक बेट सापडलंय, आठवड्यातून एकदा बोट जाते, अजून कुणाला फारसं माहीत नाही. "लोकही अगदी तुमच्यासारखे."

"आमच्यासारखे म्हणजे कसे?" आत्या म्हणाली.

त्याने आतोबांचा हात हातात घेतला, दोघांचे डोळे भरले. दोघे तीस वर्षं पत्ते खेळले होते. तो गेल्यावर आतोबा म्हणाले, "जाऊ दे. माणूस चांगला होता." त्यावर आत्या त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी फाटक उघडलंच नाही. आत कुणाचा तरी समारंभ होता. वॉचमन म्हणाला, परवा या. बायका गाठोडी घेऊन साडेआठपर्यंत उभ्या राहिल्या. मग आतोबा लंगडत आले, पिशवीतून पक्कड आणि पाना काढला, आणि शांतपणे एक-एक बिजागरी सोडवून फाटक काढून कुंपणाला टेकवून ठेवलं. वॉचमन बघत राहिला. बायका आत गेल्या आणि त्यांनी समारंभासमोर धुणं धुतलं.

दुपारी पोलीस आले. आतोबांनी जबाब दिला, आत्याने दिला. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, घरच्यांना आवरा, नाहीतर तुमचं काय करायचं ते आम्हाला ठरवावं लागेल. मी म्हटलं, ठरवायची तसदी घेऊ नका. गणवेश धुऊन परत द्यायचा नियम आहे. मी तो दुसऱ्या दिवशी झऱ्यावर धुतला, इस्त्री केली आणि नेऊन दिला.

केस चालू आहे. कंपनीने फाटक अजून बसवलेलं नाही, पण तिथे खुर्ची टाकून वॉचमन बसवलाय. तो वेळ लिहून घेतो, कोण किती वाजता आत गेली ते. आत्या त्याला नाव सांगत नाही. मी तिच्या मागून दुसरं गाठोडं घेऊन जाते, आणि मीही सांगत नाही.