छातीतला डबल ठोका

माझी छाती डबल मारते, असं मी डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "डबल म्हणजे? जोरात?"

"जोरात नाही. डबल."

त्यानं कागदावर 'धडधड' असं लिहिलं. ते चूक होतं. पण मी चौथी शिकलेली बाई, डॉक्टरला लिहिलेलं खोडायला कुठं सांगणार.

डबल हा शब्द प्रेसशॉपमधला. भोसरीला एका शेडमध्ये मी एकवीस वर्षं पॉवर प्रेसवर वॉशर कापले. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा, पायडल दाबायचं. वरचा घण एकदा खाली येतो आणि वर जातो. पण मशीन झिजलं की कधीतरी घण आपणहून दुसऱ्यांदा खाली येतो. पायडल कुणी दाबलेलं नसतं. त्याला आम्ही डबल मारलं म्हणायचो. तेवढ्यात हात आत गेलेला असला तर बोटं गेली. म्हणून मशीननं एकदा डबल मारलं की बाया ते बंद करायच्या आणि फिटरला हाक मारायच्या.

छातीत अगदी तसंच होत होतं. एक ठोका नेहमीचा, त्याच्या पाठीवर लगेच दुसरा, न मागितलेला. मग जरा वेळ काहीच नाही. त्या मधल्या वेळात माणूस मरतो असं मला वाटायचं.

हे सुरू झालं तेव्हा नवरा जाऊन आठ महिने झाले होते. तो सकाळी म्हणाला होता, "छातीवर जड वाटतंय." मी म्हणाले, "काल चटणी कुणी हाणली? गॅस आहे. ओवा चावा आणि पडा जरा." त्यानं ओवा तोंडात टाकला आणि तो पडला. मी भांडी घासून आले, तर ओवा तोंडात तसाच होता. यावर मला जास्त लिहायचं नाही. कुणी 'काही नाही, गॅस आहे' म्हणालं की माझा विश्वास बसत नाही, एवढंच. तसं म्हणणारी मीच होते.

थेरगावात आमच्या दोन खोल्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर. मुलगा आणि सून दोघंही चाकणला कामाला. मुलगा एका कंपनीत, सून दुसरीत, तीही लाईनवर, कॉन्ट्रॅक्टवर. दोघांच्या शिफ्टा, कंपनीच्या बसा, ओव्हरटाइम. नात तेव्हा तीन वर्षांची. ती दिवसभर माझ्याकडे असायची. ती माझ्याकडे होती म्हणून सून कामाला जाऊ शकत होती. हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलून दाखवत नव्हतं.

पहिल्या तीन महिन्यांत मी चारदा दवाखाना गाठला. दरवेळी छातीला वायरी लावायचे, कागदाची पट्टी निघायची आणि डॉक्टर म्हणायचा, "नॉर्मल आहे." दवाखान्यात पोचेपर्यंत छाती गप्प झालेली असायची. प्रेसचंही तेच. फिटर समोर उभा राहिला की मशीन शहाण्यासारखं चालायचं.

दोन वेळा सून शिफ्ट सोडून आली. तिचे खाडे झाले. शेजारीण म्हणाली, "काकू, दवाखान्याचा पास काढून घ्या आता, बसचा काढतात तसा." मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यापेक्षा माझी छाती जास्त धडधडते. सुपरवायझर पाठीमागं येऊन उभा राहिला की." सुनेनं नुसता डबा धुतला, जरा आवाज करून.

पाचव्या वेळेला डॉक्टरनं चोवीस तासांचं यंत्र गळ्यात अडकवून दिलं. त्यात डबल सापडले. मला बरं वाटलं, खोटी पडले नाही म्हणून. पण डॉक्टर म्हणाला, "हे जादाचे ठोके आहेत. पुष्कळ लोकांना असतात. तुमचं हार्ट चांगलं आहे. चहा कमी करा. घाबरलात की वाढतात. तंबाखू खाता का?"

"नाही."

"कधीच?"

"आमच्या घरात बाया तंबाखू खात नाहीत."

मी खोटं बोलले नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी दहा मिनिटांपूर्वीच मिश्री लावली होती, पण मिश्री म्हणजे दात घासायचं. तंबाखू पुरुष खातात, मळून, चुना लावून. मिश्री आई लावायची, सासू लावायची, प्रेसवर जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या एका डबीतून लावायचो. तंबाखू तव्यावर काळा करून कुटला की मिश्री होते, हे मला माहीत होतं. मी स्वतः ती भाजत आले. तरी तिला तंबाखू म्हणायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आणि छातीत डबल मारलं की मी काय करायची, तर जीव थाऱ्यावर यावा म्हणून बोटभर मिश्री लावायची.

आता कडीचं सांगते.

छातीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती होती. आमच्या दाराची आतली कडी वर आहे. नातीचा हात तिथं पोचत नाही. मी आत मेले तर सून संध्याकाळी येईपर्यंत पोरगी मढ्याजवळ कोंडून राहणार. ती मला हलवणार, भूक लागली म्हणणार, गॅसच्या बटणाला हात लावणार. हे चित्र एकदा डोक्यात आलं ते गेलंच नाही. म्हणून मी कडी लावायचं सोडलं. दार नुसतं लोटून ठेवायची. तेवढ्यानं मला खरोखर बरं वाटायचं. घरात कुणाला सांगितलं नाही.

तसं महिनाभर चाललं. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी भाजी निवडत होते. मेथी होती. नात शेजारी बसून काड्या वेगळ्या करत होती, म्हणजे पसारा करत होती. छातीत डबल मारलं. मग परत. मग लागोपाठ. मी हात पुसले, डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजायला लागले. यंत्र लावणाऱ्या नर्सनं मला ते शिकवलं होतं. एक मिनिट मोजलं. चुकलं. पुन्हा मोजलं. मिश्री लावली. पुन्हा मोजलं. एक डबल मारलं की दुसऱ्याची वाट बघायची, तो आला नाही तर का आला नाही याची काळजी. अशात किती वेळ जातो ते मोजणाऱ्याला समजत नाही.

मान वळवली तर मेथी होती आणि नात नव्हती. दार उघडं होतं.

मी आतल्या खोलीत बघितलं, मोरीत बघितलं, पलंगाखाली बघितलं. मग जिना उतरले. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. खाली कुणी पडलेलं नव्हतं. गल्लीतून मोठ्या रस्त्याला जायला चाळीस पावलं. त्या रस्त्यानं डांगे चौकाकडे टेम्पो, पाण्याचे टँकर, कंपन्यांच्या बसा सारख्या पळत असतात. मी अनवाणीच पळाले. सहासष्ट वर्षांच्या बाईनं जेवढं पळावं तेवढं.

इस्त्रीवाला म्हणाला, "काय झालं, आजी?"

"पोरगी बघितली का?"

"मघाशी गेली की चौकाकडं. मला वाटलं, तुम्ही मागून येताय."

ती रस्त्याच्या पलीकडे सापडली. पलीकडे. म्हणजे रस्ता ती एकटीनं ओलांडून गेली होती. भाजीवाल्या बाईनं तिला पोत्यावर बसवून हातात गाजर दिलं होतं. ती बाई माझ्यावर चांगलीच उखडली. "म्हातारे, पोरगी सांभाळता येत नाही तर घेतेस कशाला? टँकरवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचली. देवाला नको, त्याला नारळ दे."

मी म्हणाले, "बरोबर आहे."

तिला ते अपेक्षित नव्हतं. ती पालकाच्या जुड्या बांधायला लागली.

घरी आले, पोरीचे पाय धुतले, कडी लावली आणि बसले. तेव्हा लक्षात आलं की पळताना, रस्ता ओलांडताना, पोरीला कडेवर घेऊन जिना चढताना छातीनं काय केलं ते मला माहीतच नव्हतं. एकदाही विचारलं नव्हतं. भाजीवाली पोरीजवळ आहे हे दिसल्यावर पहिल्यांदा श्वास घेतला, एवढं आठवतं.

प्रेसवर माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई होती. तिच्या मशीननं एकदा डबल मारलं. फिटरनं आतली झिजलेली किल्ली बदलली, चार दिवस चालवून बघितलं, मशीन ठीक झालं. पण तिच्या मनातून ते गेलं नाही. पायडल दाबलं की ती वर घणाकडे बघत राहायची, पुन्हा येतोय का म्हणून. आठवड्यानं तिची दोन बोटं गेली. मशीननं डबल मारलं नव्हतं. तिनं स्वतःच पायडल दाबलं होतं, हात आत असताना, वर बघत.

शेडमध्ये सगळे मशीनला शिव्या देत होते. मी तिच्या शेजारी होते, मी बघितलं होतं. त्या दिवशी खोलीत बसून मला ते आठवलं, कारण आता ती बाई मी होते. फक्त आत हात नव्हता, पोरगी होती.

संध्याकाळी दोघं आल्यावर मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सून उभी होती, ती खाली बसली.

"आई, दार उघडं ठेवता हे सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू कामाला गेली नसतीस."

"नसतेच गेले."

"म्हणूनच."

मुलगा म्हणाला, "होतं गं असं कधी कधी. पोरगी सुखरूप आहे ना? उद्यापासून कडी लाव म्हणजे झालं."

मी म्हणाले, "कडी लावली तर माझं लक्ष कडीकडे राहील. नाही लावली तर मनगटाकडे. पोरीला माझ्याकडे ठेवू नका."

"मग कुठं ठेवायची?" तो ओरडला. "कंपनीत? लाईनवर बसवू?"

सुनेनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या आईकडं."

सुनेचं माहेर मराठवाड्यात, एसटीनं दिवसभराचा रस्ता. शनिवारी रात्री निघून दोघं पोरीला सोडून रविवारी रात्री परत आले. सोमवारी सून कामावर गेली. तिनं सुट्टी मागितली असती तर कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं. रोज बसमधून ती पोरीला फोन लावायची. पहिल्या आठवड्यात पोरगी रडायची. दुसऱ्या आठवड्यात बोलायची. तिसऱ्या आठवड्यात तिला फोनवर यायचंच नसायचं, तिथं शेजारी शेळीची करडं होती. सून घरी येऊन भाकऱ्या थापायची आणि माझ्याशी मीठ-मसाल्यापुरतं बोलायची. मी तिला दोष देत नाही.

मिश्रीचं उघड झालं ते यानंतर दोन महिन्यांनी. छातीच्या ठोक्यांची कागदाची पट्टी काढायला पुन्हा दवाखान्यात गेले होते. वायरी लावता लावता नर्सनं माझा हात उलटा केला. "आजी, हे बोट काळं कशानं?"

"मिश्रीनं."

"दिवसातून किती वेळा लावता?"

"आधी चार-पाच. आता दहा होत असतील."

ती तशीच उठून डॉक्टरकडे गेली. डॉक्टर बाहेर आला. "मी तुम्हाला तंबाखू विचारला होता ना?"

"तंबाखू विचारला होता. मिश्री नव्हती विचारली."

तो हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "तंबाखूनं असे ठोके वाढतात. तुम्ही घाबरता, लावता, मग ते आणखी वाढतात. हे वर्षभर चाललंय." सगळं त्यानंच होतंय असं नाही, असंही तो म्हणाला, पण मला पहिलंच ऐकू आलं.

मिश्री सोडली. पन्नास वर्षांची सवय. पहिले आठ दिवस डोकं फुटत होतं, पोट साफ होत नव्हतं, मुलाला मी विनाकारण दोनदा शिव्या दिल्या. बडीशेप चावून चावून जबडा दुखला. महिन्यानं डबल कमी झाले. गेले नाहीत. दिवसाला पाच-सहा येतात, कधी दहा. आले की हात अजून मनगटाकडे जातो. तो मी धरून ठेवते, कधी जमतं, कधी नाही.

गेल्या आठवड्यात सून डबा भरत होती तेव्हा मी म्हणाले, "मला आता बरं आहे. मिश्री सोडून तीन महिने झाले. पोरीला आण."

तिनं झाकण लावलं. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे सरळ बघून बोलली. "आई, खरं सांगा. पोरगी समोर आहे आणि छातीत परत लागोपाठ झालं, तर तुम्ही आधी कुणाकडं बघाल?"

'पोरीकडे' म्हणायला काही लागत नव्हतं. पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. तेवढा वेळ तिला पुरला.

"मग जूनमध्ये बघू," ती म्हणाली. "शाळेत घालायच्या वेळी."

आणि बसची वेळ झाली होती म्हणून ती गेली.