वॉर्डातल्या मारहाणीचा विशेषांक

आमच्या राजकारणाच्या जर्नलसाठी विशेषांकाचा विषय सुचवायचा म्हटलं की मला चेवच चढायचा! पीएचडीचं दुसरं वर्ष, दर महिन्याला माझा एक प्रस्ताव. पाण्याचं राजकारण, मंडीचं राजकारण, काहीही. माझे गाइड आणि जर्नलचे संपादक असलेले सर हसायचे, "अजून एक?" पण या वेळी माझ्याकडे खरंखुरं काहीतरी होतं. वॉर्डाच्या निवडणुकीतली मारहाण.

कारण काका बोलले होते. बाबांच्या ओळखीचे, आमच्या हिंदीभाषी शहराच्या टोकाला मिसरोदला राहणारे, मूळचे वर्ध्याकडचे. निवडणुकीत रिक्षावर भोंगा लावून प्रचार करायचे. गेल्या वेळी त्यांना समोरच्या उमेदवाराच्या वारलेल्या बायकोबद्दल घाण बोलायला सांगितलं, तर त्यांनी प्रचार अर्ध्यात सोडला. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी चौघांनी त्यांना रिक्षातून खेचलं. एकाने केस धरून तोंड हँडलवर आपटलं, आपटतच राहिला, दात पडेपर्यंत. मग रक्ताळलेल्या तोंडात माइक कोंबला. "अब बोल! बोल ना!"

काका हे सगळं हसत सांगत होते. काकू आत कुकर लावता लावता रडत होती. मी फोनवर रेकॉर्ड करत होते, चौघांच्या नावांसकट.

"लिही, पोरी. पण माझं नाव कुठं येऊ देऊ नको. मले याच गल्लीत राहाचं हाय."

"काका, आमच्यात नाव येतच नाही! नंबर देतो आम्ही."

दिलाच नंबर. घरी येऊन तासाभरात प्रस्ताव टाइप केला, जर्नल हिंदी म्हणून हिंदीत. नमुन्याचा एक गोषवारा जोडावाच लागतो, तो काकांचा जोडला. उत्तरदाता क्रमांक सात. पुरुष, वय बावन्न, मिसरोद, मूळ विदर्भ, प्रचाराच्या रिक्षावर बोलणारा, समोरचे तीन दात नाहीत. पद्धतीप्रमाणे एकदम बरोबर! आणि यादीतल्या सगळ्यांना पाठवून टाकला.

यादीत सल्लागार मंडळही असतं. त्यात एक माजी नगरसेवक. असा एक माणूस ठेवावाच लागतो, नाहीतर चर्चासत्राला हॉल कुठून मिळणार? काकांनी ज्याचा प्रचार सोडला तो उमेदवार या नगरसेवकाचा पुतण्या. मारणाऱ्या चौघांतला एक. मला माहीत होतं. माहीत होतं! पण यादी तयारच असते ना, एक बटण दाबायचं फक्त.

चौथ्या दिवशी सकाळी काकूचा फोन आला. नुसत्या किंकाळ्या. बरखेड्यातल्या घरून स्कूटी काढली ती थेट त्यांच्या गल्लीत. रिक्षा उलटी पडलेली, काच सगळीकडे, भोंगा पायाने चेपलेला. काका नालीच्या कडेला, जबडा एका बाजूला लोंबत होता. उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशेला वळलेली.

काकू म्हणाली, "एकाच्या हातात कागद होता. तो वाचत होता गं. 'उम्र बावन', की एक लाथ. 'मिसरोद', की एक लाथ. 'तीन दाँत नहीं', आणि म्हणे चौथा काढा."

मी अँब्युलन्सला फोन लावला.

काकांना साकेत नगरच्या हॉस्पिटलात भरती केलं, जबड्याला तारा घातल्या. मी वॉर्डाबाहेर बसले होते तेवढ्यात सरांचा फोन. "अभिनंदन! विशेषांक मंजूर. सगळे हो म्हणाले."

मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तू नाव दिलं नव्हतंस ना? मग तुझी चूक नाही."

आत गेले तर काकांनी डाव्या हाताने माझ्या फोनकडे बोट केलं. तारांमधून शब्द निघेनात. काकूने कान लावला. "ते म्हणतात, रेकॉर्डिंग ठाण्यात दे. आता लपवून काय राह्यलं?"

सरांना कळवलं तर ते चिडलेच. "संशोधनातली मुलाखत पोलिसांना? जर्नल बंद पडेल! अंक निघू दे आधी." मी त्याच यादीवर दोन ओळी टाकल्या, प्रस्ताव मागे घेते आहे, कारण त्यावरून माणूस ओळखला गेला. खाली स्वतःचं नाव. बाबांनी वाचलं. "आता गाइड कोण राहणार तुझा?" एवढंच बोलले आणि चपला घालून सोबत आले.

ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या मुंशीने रेकॉर्डिंग ऐकत पहिली दोन नावं लिहिली. तिसरं नाव आलं, पुतण्याचं, आणि त्याने पेन खाली ठेवलं.

"मैडम, ये वाला रहने दें? बाकी तीन काफी हैं."

"लिखिए," मी म्हणाले.

"बेटा, समझो. लड़की हो."

"लिखिए."

तो उठून चहा प्यायला गेला. परत आला, दुसरं काम काढलं. मी हलले नाही. बाबा बाकावर सरकून मला चिकटून बसले. मी तो तुकडा पुन्हा लावला, अजून एकदा, मग अजून एकदा. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. दुपारी दोनच्या सुमारास त्याने शिवी हासडली आणि लिहिलं.