हुनेबेडमध्ये धरलेली कंबर

हुनेबेड बघायला निघालेला माणूस जर्मनीत पोहोचतो, यात माणसाची चूक थोडी आणि नेदरलँड्सचा आकार जास्त कारणीभूत आहे. देशच एवढासा, की बोलण्याच्या नादात एक वळण चुकलं तर परदेश लागतो!

मी बोलत होतो, हे खरं आहे. आई उन्हाळ्यापुरती पुण्याहून आमच्याकडे लायडस्खेनडामला आली होती. सोमवारी तिचं परतीचं विमान होतं आणि आदल्या दिवशी, रविवारी, मी सगळ्यांना उत्तरेकडच्या ड्रेंथ प्रांतातले हुनेबेड दाखवायला नेत होतो. हुनेबेड म्हणजे पिरॅमिडच्याही आधीची थडगी. उभे धोंडे दोन ओळींत रोवायचे आणि त्यांवर हत्तीएवढाले धोंडे आडवे ठेवायचे. क्रेन नाही, चाक नाही, काही नाही! हे मी इतकं रंगून सांगत होतो, की रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा बदललेली माझ्या लक्षातच आली नाही.

"अगं, वळण चुकलं तर सांगायचं नाही का?" मी शेजारी बसलेल्या मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, गाडी चालवताना मध्ये बोलू नकोस."

"पण जर्मनी आली तरी?"

"मला वाटलं, आईंना जर्मनीही दाखवताय."

"दिसायला सारखीच आहे हो," आई मागून म्हणाली. "गाईसुद्धा तशाच."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मेधाकडे गाडी चालवायचा परवाना होता. मी माझा भारतातला परवाना नगरपालिकेत देऊन त्याच्या बदल्यात इथला घेतला, म्हणजे मला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. मेधानं मात्र डच शिक्षकाच्या शिव्या डचमध्ये खाल्ल्या, दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा पास होऊन तो गुलाबी परवाना हिवाळ्यात घरी आणला. आता ऑगस्ट संपत आला होता आणि परवान्यानं पर्स सोडली नव्हती. कारण? मी! आधी म्हणालो, बर्फ आहे. मग म्हणालो, पाऊस आहे. मग ऊन आलं, तेव्हा म्हणालो, डोळ्यांवर येतं. टिलबर्गला तिच्या मैत्रिणीकडे, नीताकडे, एकटीनं जायचं निघालं, तेव्हा म्हणालो, लांब आहे. सुपरमार्केटपर्यंत मी तिला दोनदा चालवू दिली होती आणि दोन्ही वेळा माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबून दाबून माझीच पोटरी सुजली होती. त्या दिवशीही निघताना तिनं हात पुढे केला होता.

"आज मी चालवते."

"आज नको गं. हायवे आहे. आई आहे बरोबर."

तिनं हात मागे घेतला. मेधा बोलली नाही, की मला आपण जिंकलो असं वाटतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही वाटतं!

जर्मनीतून परत वळून आम्ही एकदाचे पोहोचलो. बाकी जागा सुरेख. नजर पोचेल तिथवर माळ जांभळ्या फुलांनी भरलेला, मधूनच बर्चची पांढरी खोडं, लांब कुठेतरी मेंढ्यांचा कळप, आणि ओकच्या झाडांखाली ते धोंडे, म्हशी बसाव्यात तसे निवांत बसलेले. कुंपण नाही, तिकीट नाही, माणूस नाही. आईनं चपला काढल्या.

"आई, देऊळ नाहीये हे. थडगं आहे."

"मग तर काढायलाच हव्यात." मग तिला एकदम आठवलं. "मेधा, डबा इथे उघडू नकोस गं. आणि घरी गेल्यावर सगळ्यांनी आंघोळी करायच्या."

"पाच हजार वर्षांनी कसलं आलंय सुतक!" मी म्हणालो.

"तू केव्हा मेलास हे विचारून सुतक लागतं का?" (वाक्यातला 'तू' माझ्यासाठी नव्हता, असं मी धरून चाललो.)

हुनेबेडवर चढू नये, अशी पाटी होती. आत शिरू नये, अशी नव्हती. माझ्या डोक्यात फोटो आला. दोन धोंड्यांमधल्या फटीतून मी हसत डोकावतोय आणि पुण्यातल्या सगळ्या चुलतभावांच्या फोनवर मी झळकतोय.

"अहो, कंबर सांभाळा. मागच्या महिन्यात मोजे घालताना धरली होती," मेधा म्हणाली.

"अगं, त्या लोकांनी हे धोंडे उचलले. मी नुसता खाली शिरतोय!"

आमची ईशा, वय वर्षं तेरा, मराठी सगळं समजतं पण उत्तर मर्जीप्रमाणे डच किंवा इंग्लिश, नुसती म्हणाली, "बाबा, दू नॉर्माल." म्हणजे जरा माणसासारखे वागा. डच भाषेत याहून मोठी शिवी नाही म्हणतात.

मी रांगत आत शिरलो. आत गार होतं आणि ओल्या मातीचा वास होता. फटीकडे तोंड करायला मी अर्धा वळलो, आणि कमरेत कट्कन् आवाज झाला. वळणं अर्धंच राहिलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना, बसता येईना. थडग्यात असून आडवंही होता येईना!

"हसा ना," बाहेरून मेधा म्हणाली. "असं काय तोंड केलंय?"

"उसण भरली!"

फटीतून मला आता बाहेरचे फक्त पाय दिसत होते. मेधाचे बूट जवळ आले. आईचे अनवाणी पाय आले. ईशाचे बूट हळूहळू लांब लांब गेले आणि एका झाडामागे उभे राहिले. तेवढ्यात सायकलींचे ब्रेक वाजले आणि नवीन चार पाय आले. दोन बाईचे, लाल बुटांतले. दोन पुरुषाचे, आणि ते मात्र एकेक होडीएवढे!

लाल बूट वाकले. सत्तरीच्या एका बाईंचा चेहरा फटीत आला. "खात हेट?" ठीक आहे ना, असं त्या विचारत होत्या.

"उत्तम!" मी डचमध्ये म्हणालो.

त्यांना ते पटलं नसावं. त्या मेधाशी बोलू लागल्या आणि त्यातला 'ब्रांडवेअर' हा शब्द मला नीट कळला. अग्निशमन दल! माझ्या डोळ्यांपुढे दुसऱ्या दिवशीचं स्थानिक वर्तमानपत्र उभं राहिलं. लाल गाडी, शिड्या, आणि मधोमध भारतीय माणसाचा पार्श्वभाग.

"नको! मेधा, बंब नको म्हणून सांग!"

"बंब कशाला हवाय?" आई म्हणाली. "उसण आहे ही. पायाळू माणूस बघा. लाथ मारली, की जाईल."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्यानं कमरेत लाथ घातली की उसण पळते, हे आमच्या घरात माझ्या लहानपणापासून चालत आलेलं शास्त्र. पण तेव्हा आमच्या वाडीत त्यासाठी पायाळू गणूकाका होता. ड्रेंथच्या माळावर पायाळू कुठून आणायचा?

"मेधा, यांना विचार की," आई म्हणाली.

"आई, काहीतरीच काय!"

"अगं, विचारायला काय जातं? उद्या माझं विमान आहे. मी काय ह्याला या धोंड्यांत ठेवून जाऊ?"

आता, मेधा इथे सुईणींच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. बाळ आडवं, बाळ उलटं, पाय आधी, सगळे शब्द तिला डचमध्ये पाठ. तिनं घसा खाकरला आणि कामावरच्या आवाजात तो प्रश्न त्या दोघांना विचारला. चारही पाय एकमेकांकडे वळले.

मग होड्यांपैकी एक पुढे आली. "मी," एक घोगरा आवाज म्हणाला. "माझी आई मरेपर्यंत ऐकवत होती."

"तरी म्हटलं, पाय एवढे का!" आई मराठीत म्हणाली.

यापुढे आपल्याकडे हसाहशी झाली असती. पण डच माणूस एकदा कामाला हो म्हणाला, की तपशिलात शिरतो. कुठे मारायची? डावीकडे की मधोमध? किती जोरात? बूट घालून की काढून? मेधा एकेक प्रश्न आईला मराठीत विचारत होती आणि आईचं उत्तर डचमध्ये सांगत होती. माझं मत कुणीही विचारत नव्हतं.

"बूट काढून. आणि हळू म्हणावं, पोटचा गोळा आहे माझा."

"हळू मारा," मेधानं भाषांतर केलं, आणि (हे मी माझ्या कानांनी ऐकलं) स्वतःच्या पदरचं जोडलं, "पण फार हळू नको."

ते गृहस्थ बाहेर गवतात बसले. मोजा निघालेला मला दिसला. मग माझ्या मागच्या फटीतला उजेड नाहीसा झाला आणि एक लांबलचक, गोरा, बर्फासारखा गार तळवा माझा शर्ट वर सरकवून थेट पाठीला येऊन चिकटला!

लाथ नीट बसली की नाही, मला सांगता येणार नाही. त्या गारव्यानं मी जो किंचाळलो आणि जो सुटलो, तो समोरच्या फटीतून सरळ बाहेर, मेंढीनं कुंपणातून निसटावं तसा.

"बघितलंस? पायाळू!" आई म्हणाली.

"बघितलं," मेधा म्हणाली. "गार पाय!"

आईनं मग डबा उघडला (थडग्यापासून चांगली लांब, एका बाकावर) आणि तिखटमिठाच्या पुऱ्या आधी त्या गृहस्थांना दिल्या. त्यांनी पाच खाल्ल्या. आता आपल्याला कोणीही लाथेसाठी बोलावलं तर आपण जाऊ, असं ते म्हणाले.

मी बाहेर होतो, पण काटकोनात. त्याच अवस्थेत, मातीकडे बघत, सवयीनं गाडीच्या चालकाच्या दारापाशी गेलो. तिथे मला मेधाचे बूट दिसले.

"किल्ली," ती म्हणाली.

"अगं, दहा मिनिटांत होईन मी सरळ."

"किल्ली द्या."

"हायवे आहे. अडीच तास आहेत. आई आहे—"

"दे की रे!" आई म्हणाली. "तूच तर म्हणतोस, रस्ते गुळगुळीत आहेत म्हणून."

मी किल्ली दिली. मला मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन निजवण्यात आलं. ईशा ऐटीत पुढे बसली. तिथून मला फक्त आकाश आणि ट्रकांची टपं दिसत होती, तरी मी माझं कर्तव्य सोडलं नाही.

"मेधा, ट्रक!"

"तो पलीकडून गेला, बाबा," ईशा चक्क मराठीत म्हणाली.

"ब्रेक! लाल!"

"ती पवनचक्की आहे."

मान थोडी वर केली तर आरशात मेधाचे डोळे दिसत होते. ते इतके शांत आणि इतके खूश होते, की मी मान पुन्हा आईच्या मांडीवर ठेवली. गाडी एकसारखी चालली होती. ढग हळूच डावीकडे सरकत होते. मला झोप कधी लागली ते कळलं नाही. जागा झालो तो दारात, आणि आई म्हणत होती, "पोटातलं पाणी हललं नाही हो!"

सोमवारी आईला विमानतळावरही मेधाच सोडून आली. मंगळवारी मी उठून उभा राहिलो. बऱ्यापैकी सरळ. स्वयंपाकघरापर्यंत चालत गेलो आणि मोठ्या मनानं जाहीर केलं, की कंबर सुटली, आता शनिवारपासून गाडी नेहमीप्रमाणे मीच चालवीन.

मेधानं चहा गाळता गाळता माझ्याकडे अगदी काळजीनं पाहिलं.

"अहो, इतक्यात नका ना बरे होऊ! मी टिलबर्गच्या नीताला कळवून बसलेय, यांची कंबर धरलीय, शनिवारी मी एकटीच गाडी घेऊन येते म्हणून."