गाईची रेकॉर्ड आणि बिबड्यांचा घाटा

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. इंग्रजीचं एक अक्षर मला येत नाही. तरी विलायतेतल्या पोरांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी वाजवलेल्या लांबलचक गाण्यांत कुठे काय येतं, ते मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. ह्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. रोज एकाच वाटेने शेतात जाणाऱ्या बाईला त्या वाटेवरचे खड्डे पाठ होतातच.

माझ्या नवऱ्याचा अमळनेरला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्न असो, गणपती असो, निवडणूक असो, भोंगे आमचेच. गावात तेलाच्या कारखान्यात मशीन बसवायला एक साहेब आले होते. त्यांचा रेकॉर्ड वाजवायचा प्लेअर बंद पडला, तो नवऱ्याने चालू करून दिला. काम संपवून साहेब गाव सोडून गेले तेव्हा रेकॉर्डींनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक आमच्या ओट्यावर ठेवून गेले. नवरा खूश झाला. मग त्याने त्यातली एक लावून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"ह्याच्यावर वरात नाचेल कशी? पाय उचलला की गाणं थांबतं, पाय ठेवला की पळतं."

दुसरी लावली तर गाणं मध्येच मंद झालं. त्याला वाटलं मशीनचा पट्टा सैल झाला. त्याने मशीन उघडलं, नवीन पट्टा टाकला, तेल दिलं, पुन्हा लावलं. गाणं पुन्हा त्याच जागी मंद झालं. त्याने परत मशीन उघडलं. तिसऱ्यांदा उघडायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "मशीन ठीक आहे. त्यांनी वाजवलंच तसं आहे." तो म्हणाला, "कोणी मुद्दाम असं वाजवेल का?" ट्रंक माळ्यावर गेली.

ती मी खाली काढली, त्याचं कारण बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. बिबड्यांचा घाटा, म्हणजे ज्वारीच्या पिठाचा घट्ट लगदा, चुलीवर शिजवला की तो गरम असतानाच लुगड्यावर थापावा लागतो. गार झाला की चिरा पडतात आणि वाळल्यावर बिबड्याचे तुकडे होतात. म्हणून एकदा बसलं की उठायचं नाही. उन्हाळ्यात भल्या सकाळी मी एकटी थापायला बसायचे तेव्हा रेकॉर्ड लावायचे. पण आमच्या लग्नातल्या गाण्यांच्या रेकॉर्डी छोट्या. चार बिबडे थापले की गाणं संपायचं आणि सुई नुसती खरखर करत फिरायची. हात पिठाचे. धुवायचे, पुसायचे, रेकॉर्ड उलटायची, तोवर घाटा गार. एका सकाळी वैतागून मी साहेबांच्या ट्रंकेतली सगळ्यात वरची रेकॉर्ड लावली. तिच्या पाकिटावर नाव नव्हतं, नुसती एक गाय मागे वळून पाहत उभी होती. ती बाजू संपली तेव्हा अंथरलेलं अर्धं लुगडं बिबड्यांनी भरलं होतं. अख्ख्या बाजूला एकच गाणं.

मला ते आवडलं म्हणून मी लावत राहिले असं नाही. ते संपत नव्हतं म्हणून लावत राहिले. आवडलं नंतर. शेजारणीशी पटायला वेळ लागतो, तसं.

नावं वाचता येत नव्हती, तेव्हा मीच ठेवली. एकीवर लाल तोंडाचा माणूस दाढेला कळ आल्यासारखा ओरडतो, ती लालतोंड्या. एक सगळी काळी, मध्ये काचेचा तिकोना आणि त्यातून इंद्रधनुष्य निघतं, ती काचवाली. एकीचं पाकीट अख्खं वर्तमानपत्रासारखं छापलेलं, ती पेपरवाली. तिच्यात तर एकच गाणं दोन्ही बाजूंना पुरलं आहे आणि एक बुवा बासरी वाजवता वाजवता धापा टाकतो. गाय होतीच. वसुबारसेला सासूबाईंनी ते पाकीट पाटावर ठेवून गाईच्या कपाळाला कुंकू लावलं. मी म्हटलं, "आई, पुठ्ठा आहे हो." त्या म्हणाल्या, "गाय शे ना? मंग?" तो डाग अजून आहे.

पण माणसांत बसून एक बाजू पूर्ण ऐकणं मला उभ्या जन्मात जमलं नाही. कोणी ना कोणी सुई उचलायचंच. गिऱ्हाईक आलं की नवरा उचलायचा. पाहुणे आले की सासूबाई उचलायला लावायच्या, म्हणायच्या, हे काय रडगाणं, घरात कोणी गेलं का? मुलगा लहान असल्यापासून उचलायचा. एवढी वर्षं मी एकटी ऐकत आले.

आता मुलाचंच सांगायचं आहे. नवरा गेल्यावर अमळनेरचं घर मी बंद केलं आणि मुलाकडे पिंप्राळ्यात राहायला आले. सोबत साड्यांच्या दोन पेट्या, प्लेअर, नवऱ्याचे दोन भोंगे आणि ती ट्रंक. मुलाचं घर चांगलं आहे, वर गच्ची आहे. पण ट्रंक हॉलमध्ये आडवी येते, तिला अडकून त्याच्या पायाचं बोट दोनदा सुजलं. बोट सुजलं की माणूस तत्त्वाचं बोलतो.

"आई, ही गाणी कोणी ऐकत नाही."

"मी ऐकते."

"तुझ्याशिवाय एक माणूस दाखव. पुण्याचा एक जण जुन्या रेकॉर्डी जमवतो. मी त्याला फोटो पाठवलेत, रविवारी येतोय न्यायला. त्याच्याकडे नीट राहतील तरी."

माझी नात सुट्टीला आली होती. ती कॉलेजात शिकते आणि कानात बोंडं घालून फिरते. तिने ट्रंक उघडली आणि खालीच बसली. म्हणाली, "आजी, हे तुझं आहे? आमच्याकडे पोरं ह्याच्यावरून भांडतात." मग तिने मला मोबाईलमधून सगळं वाचून दाखवलं. ही गाणी विलायतेत कशी निघाली, ते मला तेव्हा कळलं. तिथल्या पोरांना तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांचा कंटाळा आला. कोणी चर्चमध्ये बाजाची पेटी ऐकून वाढलेलं, कोणी मोठ्या वाद्यवृंदाचं शिकलेलं. त्यांनी ते सगळं गिटारीत कालवलं. एक पेटी अशी निघाली की तिच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची फीत, पट्टी दाबली की खऱ्या व्हायोलिनचा आवाज यायचा. लांब रेकॉर्ड निघालीच होती, मग म्हणाले अख्खी बाजू भरू. पुष्कळ जण लालतोंड्यालाच ह्या घराण्याचा थोरला मानतात, आणि ह्या सगळ्यांत काचवाली जगात जास्त घरांत गेली. नात म्हणाली, "आणि तुझ्या गाईला तर वाजवणाऱ्यांनीच पुढे नावं ठेवली."

"ठेवू दे. त्यांना कुठे बिबडे थापायचे होते?" मी म्हटलं.

मग मुलाला विचारलं, "रविवारी तो माणूस येईपर्यंत ट्रंक माझी आहे ना?"

"हो."

"चार माणसांनी एक बाजू सुई न उचलता ऐकली, तर?"

तो हसला. "आई, चार माणसं एक बाजू बसून ऐकतील, तर मी तुला भिंतीला फळी ठोकून देईन. ट्रंक पुण्याला जाणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्याने शब्द दिला, कारण त्याला वाटलं मी लोकांना चहाला बोलावून ऐकवणार. चहा पिऊन झाला की लोक उठतात, हे मलाही कळतं. मी गल्लीत सांगून आले, रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर बिबडे. आमच्याकडे बिबड्यांना बायका एकमेकींकडे जातातच, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सात-आठ जणी आल्या. सूनबाईने खाली घाटा ढवळत शिजवायला घेतला, मी गच्चीवर लुगडी पसरली. नातीने प्लेअर जिन्याच्या खोलीत सावलीला ठेवला, सुई नवी मागवली होती ती बसवली आणि भोंग्यांची तोंडं आमच्याकडे केली. ऊन चढायच्या आत घाट्याचं पातेलं वर आलं. वाफ निघत होती. प्रत्येकीने ओल्या हाताने गोळा घेतला आणि थापायला सुरुवात केली. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत भरल्याची मी खात्री केली. मग नातीला म्हटलं, "सोड सुई. आणि पाकीट आण, बायकांना दाखव." तिने दाखवलं.

गाईचं गाणं पितळी बँडने सुरू होतं. समोरच्या घरातली बाई मान वर न करता म्हणाली, "आक्का, हाऊ कोना वरातना बँड शे?"

"इंग्रजस्ना."

"बेसूर शे जरा."

"आपला कुठे सुरात असतो?" दुसरी म्हणाली. "माझ्या लग्नात बँडवाले दोन गावचे होते. अर्धे एक वाजवत, अर्धे दुसरं."

बायका हसल्या. हात चालूच होते. बँड सरला, मग एकटं वाद्य हळूहळू रडायला लागलं. बायका आपल्या सासवांबद्दल बोलू लागल्या. त्यानंतर बायामाणसांचा घोळका गातो, त्यात शब्द नाहीत, नुसतं आ आणि ओ. तेव्हा एक म्हातारी शेजारीण म्हणाली, "हे बरं आहे. आपल्या कानबाईच्या जागरणात रात्री दोननंतर गाण्याचे शब्द विसरले की असंच चालतं." मी मनात म्हटलं, एक झाली.

इतक्यात खालच्या घरातले आबा जिना चढून वर आले. रिटायर माणूस, कॉलनीत कुठे मोठा आवाज झाला की तक्रार करायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलेलं आहे. ते दारात आले आणि नेमकं गाणं बारीक झालं. नुसती पेटी घुमत होती.

"आक्का, मी आवाजाबद्दल बोलायला आलो होतो," आबा म्हणाले.

"बोला ना."

"आता आवाजच नाही. काय बोलू?"

"येईल. बसा."

आवाज आल्याशिवाय तक्रार करता येईना आणि तक्रार न करता जाता येईना, म्हणून आबा पाण्याच्या टाकीला टेकून बसले. सूनबाईने त्यांना वाटीत गरम घाटा आणि वर तेल दिलं. मग गाणं विचित्र जागी जातं. सूर नाही, ताल नाही, भुताटकी झाल्यासारखे आवाज. ही जागा मला ठाऊक होती. आजवर जास्तकरून सुई उचलली गेली ती इथेच. एकजण म्हणाली, "आक्का, मशीन बिघडनं का?" तिने उठायला म्हणून एक हात वर घेतला. हाताला घाटा चिकटलेला. तिने हाताकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं आणि परत थापायला लागली.

मग बँड परत आला, पहिलीच चाल घेऊन, पण आता सगळे मिळून. आबांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "हे सुरुवातीचंच ना? मी जिन्यात ऐकलं होतं. परत कसं आलं?"

"मोठं गाणं आहे. फिरून येतं," मी म्हटलं.

"अस्सं," आबा म्हणाले, आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. चुकत होता, पण धरला.

तेवढ्यात मुलगा वर आला. "आई, पुण्याचे गृहस्थ खाली आलेत. ट्रंक..." एवढं बोलून त्याने सवयीने प्लेअरकडे हात नेला.

सूनबाई त्याच्यावर आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिने पातेल्यापासून मान वर केली आणि म्हणाली, "हात लावू नका हो. संपत आलंय."

तो तसाच उभा राहिला. घोळका आणि बँड शेवटी एका सुरावर चढतात आणि सगळं मिटतं. सुई खरखरायला लागली. मग समोरच्या घरातली म्हणाली, "दुसऱ्या बाजूला काय आहे?"

आता रेकॉर्ड उलटणार कोण? बायकांचे हात पिठाचे, माझेही पिठाचे. नात घाट्याचं दुसरं पातेलं आणायला खाली गेलेली. आबांच्या बोटांना तेल. कोरडे हात एकट्या मुलाचे.

"उलट," मी म्हटलं.

"आई, ते खाली थांबलेत."

"त्यांनाही वर बोलाव. कडेने धर, मध्ये बोट लावू नकोस."

त्याने कडेने धरली, फुंकर मारली, उलटली, सुई ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने सुई उचलायच्या ऐवजी टेकवली. मग खाली जाऊन तो त्या गृहस्थांना काय बोलला ते मला माहीत नाही, पण दोघे वर आले, आबांशेजारी बसले आणि त्या गृहस्थांनी घाटा दोनदा मागून घेतला. जाताना रिकाम्या हाताने गेले.

दुसऱ्या बाजूला छोटी गाणी आहेत आणि शेवटी एक माणूस नुसता न्याहारी करतो. काडी ओढतो, तव्यावर काहीतरी चर्र करतं. बायका पोट धरून हसल्या. म्हणाल्या, असं तर आम्ही रोज वाजवतो. त्याच्या शेवटी गाणं संपतं, पण एक नळ थेंब थेंब गळत राहतो, सुई उचलेपर्यंत गळतो. अमळनेरला सासूबाई त्याला फसून मोरीत गेल्या होत्या. मी कोणाला सांगितलं नाही.

थेंब पडत राहिले. मुलगा थोडा वेळ इकडेतिकडे पाहत राहिला. मग उठला, टाकीपाशी गेला आणि गच्चीवरचा नळ गच्च पिळून आला.