वल्हांडणाचं जेवण

युसूफ वडगाव या गावात ख्रिस्ती माणसांची चार घरं होती. तीन पोटापाण्यासाठी पुण्याला गेली. राहिली एकटी सुभद्राबाई. लेक लहानपणीच तापानं गेली, नवरा पंडित दोन वर्षांपूर्वी. मुलगा प्रवीण पुण्यात वॉचमन. "सुट्टी न्हाई मिळत, आई," एवढंच तो फोनवर म्हणायचा.

दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी अंबाजोगाईहून मंडळीचे पाळक येत आणि तिच्याच घरात भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन होई. त्याआधी पंडित जुनी गोष्ट सांगायचा. मिसर देशातले गुलाम, दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त, आणि ते बघून घर ओलांडून गेलेलं मरण. "वलांडून गेलं म्हणून वल्हांडण," तो म्हणायचा. "आता कोकरू कापायचं न्हाई. प्रभूनं त्याच सणाला भाकर मोडली, आन् दुसऱ्या दिशी सोताचा जीव दिला. आपलं कोकरू त्योच."

यंदाही तिनं घर सारवलं, कारलं शिजवलं. गुलामांनी त्या रात्री कडू भाजी खाल्ली होती, म्हणून ही पंडितची रीत. देश सोडून निघायच्या घाईत त्यांना पीठ आंबवायलाही सवड मिळाली नव्हती. तिची ज्वारीची भाकर तर रोजचीच बिनआंबवलेली.

चार वाजता पाळकांचा फोन आला. केजमध्ये मंडळीतलं कुणी वारलं होतं, मातीला थांबणं भाग होतं.

"बरं," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पाळकसाहेब, मरण वलांडून जातं म्हणता, तर माझ्या घरात दोनदा कावून शिरलं?"

"सुभद्राबाई, ते प्रभूलाही चुकलं नाही. पण त्याच्या कबरीत मरणाला मुक्काम करता आला नाही. तुमच्या माणसांपाशीही करता येणार नाही, हा माझा भरवसा. याहून जास्त मलाही कळत नाही."

फोन ठेवून ती चुलीपुढं बसली. कोकरू खायला घरात माणसं कमी असतील तर शेजाऱ्याला बोलवावं, असाही त्या सणाचा नेम पंडित सांगायचा. तेव्हा घर भरलेलं होतं, तिनं तो मनावर घेतला नव्हता. ती उठली आणि शेजारच्या गीताबाईच्या दारात गेली. गीताबाई चारच दिवसांपूर्वी ऊसतोडीहून परतली होती.

"गीता, जेवायला ये. सण हाय आमचा."

गीताबाई हात पुसत आली. जेवता जेवता सुभद्राबाईनं तिला गुलामांची गोष्ट सांगितली.

"मुकादम सोडत न्हवता म्हणा की त्यास्नी," गीताबाई म्हणाली.

"न्हवता सोडत. देवानं सोडवलं."

"मग घरला गेले?"

"चाळीस वर्सं रानात हिंडले आधी."

गीताबाईनं घास हातात धरला. "लई वर्सं झाली की, मावशी." कारलं तिनं सगळं संपवलं, पण पोरं वाट बघत होती म्हणून लगेच उठली. सुभद्राबाईनं दोन ताटं घासली आणि एकटीनंच प्रार्थना केली.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, पाळक आले. एका माणसासाठी त्यांनी सगळी उपासना घेतली. तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, द्राक्षरसाचा पेला दिला. शेवटी दोघांनी गीत म्हटलं. पंडित जिथं सूर चढवायचा तिथं आल्यावर दोघंही अडखळली, आणि मग सुभद्राबाईनंच पुढची ओळ उचलली.